चेतापेशींवरील अल्फा-७ रिसेप्टर दाखवणारे मण्यारीचे विष: फ्लुओरेसंट अल्फा-बंगारोटॉक्सिनचे परीक्षण

मेंदूच्या चेतापेशींवर अल्फा-७ जातीचे निकोटिनिक अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर (अ‍ॅसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाला, तसेच निकोटीनला, धरणारी प्रथिने) नेमके कुठे बसले आहेत हे पाहायचे असेल, तर त्यासाठीचे सर्वांत भरवशाचे साधन आजही सापाच्या विषातूनच मिळते, असे माझे ठाम मत आहे. हे परीक्षण त्याच साधनाचे आहे: चमकणारा रंग जोडलेले अल्फा-बंगारोटॉक्सिन. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या अनेक कंपन्या ते विकतात. मूळ रेणू सगळ्यांकडे एकच असल्यामुळे मी येथे कोणत्याही एका कंपनीची शिफारस करत नाही. कुपी कोणाकडूनही घेतली तरी तिच्यात काय असायला हवे, ती काय दाखवू शकते आणि काय दाखवू शकत नाही, याचाच विचार येथे केला आहे.

हे विष तैवान आणि दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या, अंगावर अनेक पट्टे असलेल्या मण्यारीचे आहे. तिचे शास्त्रीय नाव बंगारस मल्टिसिंक्टस. तैवानमधील चांग आणि ली या दोन संशोधकांनी १९६३ साली तिच्या विषातून हा घटक वेगळा केला आणि त्याच विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन हा दुसरा घटक चेतापेशीच्या टोकावर काम करतो, तर अल्फा समोरच्या स्नायूवर काम करतो, असा फरक दाखवून दिला. अल्फा-बंगारोटॉक्सिन हे ७४ अमिनो आम्लांचे आणि सुमारे ८,००० डाल्टन वजनाचे छोटेसे प्रथिन आहे. एका घट्ट गाभ्यातून बाहेर आलेली तीन बोटे, असा त्याचा आकार असतो आणि पाच डायसल्फाइड बंधांनी तो जागच्या जागी बांधलेला असतो. नाग, मण्यार, समुद्रसर्प यांच्या विषांत याच घडणीची कितीतरी प्रथिने सापडतात. एवढ्या बंधांमुळे हा रेणू चिवट झाला आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा थेट फायदा असा की, नीट साठवलेली कुपी दीर्घकाळ काम देते.

विष नेमके काय करते हे समजल्याशिवाय या उत्पादनाचे गुणदोष समजणार नाहीत, म्हणून थोडे तपशिलात जातो. निकोटिनिक रिसेप्टर पाच उपघटकांचा बनलेला असतो आणि हे पाच घटक वर्तुळात उभे राहून मध्ये आयनांसाठी एक वाट तयार करतात. अ‍ॅसिटिलकोलीन दोन शेजारी घटकांच्या सांध्यात जाऊन बसते, तेव्हा त्या सांध्यावरची सी-लूप नावाची झडप त्याच्याभोवती मिटते आणि ही हालचाल पुढे पोचून वाट उघडते. अल्फा-बंगारोटॉक्सिनचे मधले बोट नेमके याच सांध्यात शिरते. ते झडप मिटू देत नाही आणि अ‍ॅसिटिलकोलीनची जागाही अडवते, त्यामुळे रिसेप्टर बंद स्थितीतच अडकून राहतो. अल्फा-७ मध्ये पाचही घटक एकसारखे असल्याने अशा पाच जागा असतात, पण त्या पाचही भरण्याची गरज नसते. एका जागी बसलेला विषाचा एकच रेणू त्या रिसेप्टरचे उघडणे जवळजवळ पूर्णपणे रोखतो, हे एकेका रिसेप्टरच्या विद्युत नोंदींतून दिसले आहे. याच सांध्याजवळ मुंगुसाच्या आणि खुद्द नागाच्या स्नायूतील रिसेप्टरवर साखरेची एक साखळी चिकटलेली असते, त्यामुळे विषाचे बोट आत शिरू शकत नाही. मुंगुसाच्या प्रतिकारशक्तीचे मोठे रहस्य या एवढ्याशा जागेत आहे.

आता प्रत्यक्ष कुपीकडे वळू. आत चूर्ण आहे असे लेबल सांगते, पण डोळ्यांना बहुतेक वेळा काचेच्या भिंतीला चिकटलेला फिकट रंगाचा पापुद्राच दिसतो. त्यामुळे झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यावी, नाहीतर निम्मा माल झाकणालाच राहतो. विरघळवण्यासाठी शुद्ध पाणी किंवा साधे फॉस्फेट बफर पुरते. प्रथिन छोटे आणि धन भाराचे असल्याने विरळ द्रावणात ते काच आणि प्लॅस्टिकला चिकटते. म्हणून काम करण्याच्या द्रावणात थोडे बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन) घालणे आवश्यक आहे, आणि ही साधी गोष्ट काही माहितीपत्रकांत छापलेलीच नसते. विरघळवल्यावर लगेच छोटे-छोटे भाग करून उणे २० अंशांवर अंधारात ठेवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. हे विष आहे याचा विसर पडू देऊ नये. हातमोजे घालावेत, हाताला चीर असेल तर काम दुसऱ्याकडे द्यावे आणि कोरडे चूर्ण हवेत उडू न देता कुपीतच विरघळवावे.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. हिपोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या जिवंत चेतापेशींच्या कल्चरवर (पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या तबकडीवर) साधारण १०० नॅनोमोलर द्रावण घालायचे, ३७ अंशांवर तासभर ठेवायचे, हलक्या हाताने धुवायचे आणि मग फॉर्मलडिहाइडने पेशी स्थिर करायच्या. विष पेशीच्या आवरणातून आत जात नाही, त्यामुळे जिवंत पेशींवर वापरले तर फक्त पृष्ठभागावरचे रिसेप्टर रंगतात, आणि मला या उत्पादनाचा हा सर्वांत मोठा गुण वाटतो. पेशीच्या आतही अल्फा-७ भरपूर असतो, पण तो घडणीच्या वाटेवर असलेला, अजून कामाला न लागलेला माल असतो. पृष्ठभाग आणि आतला साठा यांची सरमिसळ झाली की सगळा निष्कर्षच डळमळीत होतो. मायक्रोस्कोपखाली जे दिसते ते पाहण्यासारखे असते. पेशीचा मुख्य भाग मंद राहतो आणि डेंड्राइटच्या, म्हणजे पेशीच्या फांद्यांच्या, कडेने बारीक, वेगवेगळे उठून दिसणारे ठिपके उमटतात. सगळ्याच पेशी सारख्या उजळत नाहीत. गाबा हे शामक संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या इंटरन्यूरॉनवर (जवळच्याच पेशींना जोडणाऱ्या चेतापेशींवर) ठिपके दाट असतात आणि शेजारची मोठी पिरॅमिडल पेशी जवळजवळ कोरी दिसू शकते. पहिल्यांदा वापरणाऱ्याला हा फरक रंगकामातला दोष वाटतो, पण हिपोकॅम्पसमध्ये अल्फा-७ चे खरे वाटप असेच असमान आहे.

इथे साहजिक प्रश्न येतो की, अल्फा-७ विरुद्धच्या अँटिबॉडी बाजारात सहज मिळत असताना विष कशाला वापरायचे. याचे उत्तर अल्फा-७ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी दिले आहे. अशा उंदरांच्या मेंदूत रेडिओसक्रिय अल्फा-बंगारोटॉक्सिनच्या घट्ट बंधनाच्या जागा उरत नाहीत, आणि लक्ष्य नाही तर खूण नाही, ही कोणत्याही साधनाची सर्वांत कठोर परीक्षा आहे. उलट अल्फा-७ च्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक अँटिबॉडी याच उंदरांच्या मेंदूतही तितक्याच ठळकपणे रंग देतात, हे एकापेक्षा अधिक गटांनी प्रसिद्ध केले आहे. अशा अँटिबॉडीवर उभ्या असलेल्या चित्रांवर मी तरी विसंबून राहणार नाही. नव्या विद्यार्थ्याने अँटिबॉडीची मागणी पुढे केली की, मी त्याला आधी जनुक काढलेल्या उंदराच्या ऊतीवरचे तिचे चित्र दाखवायला सांगतो.

या गुणाइतकेच दोषही सांगायला हवेत, कारण त्यातले काही थेट निष्कर्ष बिघडवणारे आहेत. पहिली गोष्ट ही की हे उत्पादन मेंदूतल्या सगळ्या निकोटिनिक रिसेप्टरचे नाही. मेंदूत निकोटीनला सर्वांत घट्ट पकडणारा रिसेप्टर म्हणजे अल्फा-४ आणि बीटा-२ घटकांचा, आणि त्याला अल्फा-बंगारोटॉक्सिन धरतच नाही. १९८० च्या दशकात उंदराच्या मेंदूच्या कापांवर रेडिओसक्रिय निकोटीन आणि रेडिओसक्रिय बंगारोटॉक्सिन वेगवेगळे वापरून पाहिले, तेव्हा दोन नकाशे जुळले नाहीत. निकोटीनचा नकाशा थॅलॅमसमध्ये ठळक होता, तर विषाचा हिपोकॅम्पस आणि हायपोथॅलॅमसमध्ये. त्यामुळे ‘निकोटिनिक रिसेप्टर रंगवणारे’ एवढेच लिहिलेले लेबल अर्धवट आहे. मेंदूच्या ऊतीत ते मुख्यतः अल्फा-७ दाखवते, कानातल्या केसपेशींत अल्फा-९ असलेले रिसेप्टर दाखवते आणि स्नायूत स्नायूचा. हे लेबलवर ठळक अक्षरांत असायला हवे.

दुसरा मुद्दा त्याहून नाजूक आहे. २००६ मध्ये दाखवण्यात आले की अल्फा-बंगारोटॉक्सिन काही विशिष्ट गाबा-ए रिसेप्टरनाही चिकटते आणि त्यांना रोखते. पुढच्या कामातून कळले की बीटा-३ घटक एकमेकांशेजारी असले की त्यांच्या सांध्यात विषाला जागा मिळते. गाबा हा मेंदूतला प्रमुख शामक चेतापारेषक आहे आणि त्याचे रिसेप्टर जवळजवळ प्रत्येक चेतापेशीवर असतात. म्हणजे निकोटिनिक समजून पाहिलेला एखादा ठिपका गाबाचाही असू शकतो. सुदैवाने याचा बंदोबस्त करता येतो. विष घालण्याआधी पेशींवर मेथिललायकाकोनिटीन घालावे. डेल्फिनियम वनस्पतीत सापडणारा हा अल्कलॉइड कमी मात्रेत मुख्यतः अल्फा-७ ची जागा अडवतो, त्यामुळे त्याच्या उपस्थितीत जो ठिपका नाहीसा होतो तो अल्फा-७ चा, आणि जो राहतो तो अल्फा-७ चा नव्हे, असे म्हणता येते. केवळ रंग न जोडलेले विष जास्त प्रमाणात घालून केलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) पुरेसा नाही, कारण तो गाबाच्या जागाही तितक्याच अडवतो आणि सगळे ठिपके सारखेच पुसून टाकतो. अनेक माहितीपत्रकांत मात्र नेमका हाच कंट्रोल सुचवलेला असतो. माझ्या दृष्टीने ही या उत्पादनाच्या सादरीकरणातली सर्वांत मोठी उणीव आहे.

तिसरी गोष्ट वेगाची. स्नायूचा रिसेप्टर विषाला पटकन धरतो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. अल्फा-७ ची पकड त्यामानाने हलकी असली तरी ती सुटायला तास लागतात आणि बसायलाही वेळ लागतो. म्हणून उंदराच्या डायाफ्रामचा एक तुकडा नेहमी सोबत रंगवावा. तिथली चेता-स्नायू संधी काही मिनिटांतच झळाळून उठली, तर माल चांगला आहे हे कळते. ती उजळली आणि चेतापेशी कोऱ्या राहिल्या, तर आधी इन्क्युबेशनचा वेळ वाढवून पाहावा.

कोऱ्या पेशींचे आणखी एक कारण असते आणि त्यात उत्पादनाचा काहीच दोष नसतो. एचईके-२९३ या मानवी मूत्रपिंडापासून तयार केलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींत अल्फा-७ चे जनुक घातले की रिसेप्टर आपोआप पृष्ठभागावर येईल असे गृहीत धरले जाते, पण अल्फा-७ ला नीट घडण्यासाठी आणि वर पोचण्यासाठी आरआयसी-३ किंवा नाचो यांसारख्या मदतनीस प्रथिनांची गरज असते आणि एचईके पेशींत ती पुरेशी नसतात. त्यामुळे जनुक आहे, प्रथिनही बनते आहे, तरीही विष धरणारी जागा तयार होत नाही. ‘बॅच खराब आहे’ अशी तक्रार करण्याआधी मदतनीस प्रथिनाचे जनुक सोबत घालून पाहावे.

शुद्धतेबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही, आणि त्यामागे या विषाचाच इतिहास आहे. १९७० च्या दशकात काही प्रयोगशाळांना असे दिसत होते की अल्फा-बंगारोटॉक्सिन स्वायत्त चेतागंडिकांतले (मेंदूबाहेरच्या चेतापेशींच्या गाठींतले) संदेशवहन रोखते, तर इतरांना तेच विष वापरून काहीही परिणाम दिसत नव्हता. कोंबडीच्या पिलाच्या सिलियरी गंडिकेवर वेगवेगळ्या बॅच तपासल्या तेव्हा काही बॅच संदेश रोखत होत्या आणि काही नाही. शेवटी उलगडा झाला की त्याच मण्यारीच्या विषात काप्पा-बंगारोटॉक्सिन हे दुसरे, ६६ अमिनो आम्लांचे विष असते आणि ते अल्फा-३ व बीटा-२ घटकांच्या रिसेप्टरना रोखते. काही बॅचमध्ये ते भेसळीसारखे शिल्लक राहिले होते. म्हणजे अल्फा-बंगारोटॉक्सिनच्या नावावर जो परिणाम काही वर्षे नोंदवला जात होता, तो त्याचा नव्हताच. बीटा-बंगारोटॉक्सिनची भेसळ तर याहून घातक ठरते, कारण त्याचा एक भाग फॉस्फोलिपेज विकर आहे आणि तो चेतापेशींच्या टोकांचीच नासधूस करतो. तेव्हा बॅचगणिक शुद्धतेचा दाखला, शक्यतो क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीच्या) आलेखासह, मिळत नसेल तर ती कुपी घेऊ नये. एका पुरवठादाराकडून आलेल्या बॅचसोबत असा आलेख नव्हता आणि मागितल्यावर मागच्या बॅचचाच पाठवण्यात आला. असा आलेख हातातल्या कुपीबद्दल काहीच सांगत नाही.

रंगाची निवड करताना मेंदूच्या ऊतीचा स्वभाव लक्षात घ्यावा. प्रौढ मेंदूच्या कापांत लिपोफ्युसिनसारखी द्रव्ये हिरव्या प्रकाशात स्वतःच चमकतात, आणि अल्फा-७ चा संकेत मुळात कमजोर असल्याने तो त्यात हरवतो. अशा ऊतीसाठी ६४७ नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल रंग घ्यावा. डोळ्यांना तो जवळपास दिसत नाही, पण कॅमेरा तो स्वच्छ पकडतो. तरुण कल्चरसाठी ५५५ किंवा ५९४ चा रंग चालतो. ४८८ चा हिरवा मी फक्त स्नायूसाठी ठेवतो. रंगाचे रेणू विषातल्या लायसिन या अमिनो आम्लांना जोडले जातात आणि एका विषावर अनेक रंग चढले तर बंधनच बिघडते. त्यामुळे प्रति रेणू साधारण एक रंग, हे प्रमाण योग्य. हे प्रमाण प्रत्येक बॅचवर छापणारे पुरवठादार आहेत आणि न छापणारेही आहेत. दोघांच्या मालात निवड करायची वेळ आली तर छापणाऱ्याचा घ्यावा, मग तो महाग पडला तरी चालेल.

या साधनाची उपयुक्तता अल्फा-७ वर संपत नाही. विषाला घट्ट धरणारा अवघ्या १३ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड तुकडा शोधला गेला आहे आणि तो जनुकीय तंत्राने कोणत्याही रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात बसवता येतो. २००४ मध्ये ग्लुटामेट या उत्तेजक चेतापारेषकाच्या आम्पा नावाच्या रिसेप्टरवर तो बसवून जिवंत चेतापेशींत त्या रिसेप्टरची ये-जा पाहिली गेली, आणि नंतर गाबा-ए व गाबा-बी रिसेप्टरवरही हीच युक्ती वापरली गेली. आधी रंग नसलेल्या विषाने पृष्ठभागावरच्या सगळ्या जागा झाकायच्या आणि काही वेळाने रंगीत विष घालायचे. मग जे चमकते ते त्या मधल्या वेळेत नव्याने वर आलेले रिसेप्टर असतात. अँटिबॉडी या कामासाठी फार मोठी असते आणि दोन रिसेप्टरना एकत्र खेचून त्यांची जागाच बदलू शकते. हे छोटे विष असे खेचत नाही. मला व्यक्तिशः या उत्पादनाचा सर्वांत सुंदर उपयोग हाच वाटतो. फक्त प्रयोगाच्या पेशींत मूळचा अल्फा-७ असेल तर तो आधी मेथिललायकाकोनिटीनने झाकायला विसरू नये.

एका मर्यादेवर मात्र उपाय नाही. ज्या क्षणी विष रिसेप्टरला रंगवते त्याच क्षणी ते त्याला बंदही करते, त्यामुळे रिसेप्टर कुठे आहे आणि तो काय करतो आहे हे दोन्ही एकाच पेशीत, एकाच वेळी पाहता येत नाही. अल्फा-७ वाटे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात आत येते आणि तो उघडल्यावर काही मिलिसेकंदांतच निष्क्रिय होतो. ही झटपट हालचाल मोजायची असेल तर आधी विद्युत नोंद घ्यावी आणि त्यानंतरच त्या पेशीवर विष घालावे. आणखी एक गोष्ट: हे विष रक्तातून मेंदूत पोचत नाही. म्हणूनच मण्यार चावलेल्या माणसाचे स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, श्वास थांबू लागतो, पण मेंदूच्या रिसेप्टरवर या विषाचा थेट परिणाम होत नाही. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या शिरेत रंगीत विष देऊन मेंदूचे चित्र मिळवण्याची कल्पना कोणी मांडली तर तिच्यासाठी कुपी उघडू नये. त्याचा परिणाम मेंदूवर नव्हे, श्वासपटलावर होईल.

ज्यांचा प्रश्न निकोटिनिक रिसेप्टरचा नाही त्यांनी हे उत्पादन घेऊ नये, पण सापांकडे पाठही फिरवू नये. हिरव्या मांबाच्या विषातले एमटी-७ हे अ‍ॅसिटिलकोलीनच्याच दुसऱ्या, मस्करिनिक कुळातल्या एम-१ रिसेप्टरला इतर चार भावंडांतून अचूक वेगळे ओळखते, आणि साध्या औषधी रेणूंना एवढी निवड क्वचितच जमते. कोस्टा रिकातल्या कोरल सापाच्या विषातली मायक्रुरोटॉक्सिन २०१५ मध्ये वर्णिली गेली आणि ती गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. काळ्या मांबाची मांबाल्जिन आम्ल ओळखणाऱ्या आयन वाहिन्या रोखतात आणि उंदरांत वेदना कमी करतात. स्वतः सस्तन मेंदूही याच तीन बोटांच्या घडणीचे लिंक्स-१ हे प्रथिन बनवतो आणि निकोटिनिक रिसेप्टरचा जोर त्याने आवरतो. लिंक्स-१ अभ्यासणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, त्याच्या आणि रंगीत विषाच्या जागा रिसेप्टरवर एकमेकींच्या अगदी जवळ येऊ शकतात. त्यामुळे लिंक्स-१ जास्त असलेल्या पेशींत ठिपके कमी दिसले तर रिसेप्टर कमी झाले असे लगेच लिहू नये. रिसेप्टरचे प्रमाण आधी आरएनए आणि विद्युत नोंदीने तपासावे, आणि रंगीत विषाची पुढची कुपी त्यानंतरच मागवावी.